कॅम्पर आला, पण थांबायचं कुठे?

मित्रहो, स्पष्टच लिहितो. परवा आपल्या गावाबाहेर मुंबई-गोवा हायवेला एक कॅम्पर उभा होता. नवरा-बायको, दोन वर्षांचं पोर, दोन कुत्री. लॉजवाले कुत्री घेत नाहीत, म्हणून हे चाकांवरचं घर. काहींनी लगेच 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून नाकं मुरडली. मला ते पटत नाही. आलेत तर चार पैसे इथेच खर्च करतील की!

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. या हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे. गाडीत संडास असतो, मान्य. पण त्याची टाकी रिकामी कुठे करायची? पिण्याचं पाणी कुठे भरायचं? हॉटेलवाला पुढे बोट दाखवतो, पंपवाला मागे. मग टाकी रात्री ओढ्यात जाणार आणि आपण पर्यटकांना शिव्या घालणार.

आणि एसटीने माहेरी निघालेली लेकुरवाळी? तिच्याकडे तर कॅम्परही नाही. तिने पोराला पाजायचं कुठे?

लहान मूल सुरक्षा पट्ट्याशिवाय गाडीत बसवलं, तर कायद्याने १००० रुपये दंड आहे. जरूर घ्या, पोराचा जीव महत्त्वाचा. पण दंडाची पावती फाडणाऱ्या सरकारने सोयही द्यावी.

मागणी साधी आहे. हायवेवर प्रत्येक तालुक्यात एक थांबा: स्वच्छ संडास, पाणी, हिरकणी कक्ष, टाकी रिकामी करायची जागा. मतं मागायला येतील त्यांना एवढंच विचारा, आमच्या तालुक्यातला थांबा कुठाय?