स्टिअरिंगमधला फटाका

'पार्सलमध्ये काय आहे?' या साध्या प्रश्नाचं खोटं उत्तर द्यायला मी अगदी तयार झाले होते. ऐका.

जूनमध्ये, पहिल्याच पावसात, सिंहगड रोडवर मी बाबांची गाडी एका टेम्पोच्या मागे ठोकली. धाडकन आवाज, गाडीभर पांढरी पावडर, फटाक्यांसारखा वास आणि समोर लोंबणारी दोन फडकी. मनगटावर खरचटलं, चष्मा तुटला, बस्स. एअरबॅगने तिचं काम चोख केलं होतं, तेही पापणी लवायच्या आत.

माझं काम मात्र राहिलं होतं. इन्शुरन्स रिन्यू करायचा! (फ्रीलान्सर मंडळी, हसू नका.) सर्व्हिस सेंटरवाल्यांनी नव्या एअरबॅग्ज, कंट्रोल युनिट, सीट बेल्ट, डॅशबोर्ड अशी यादी वाचली. आकडा ऐकून मी येणी असलेल्या मानधनाची मनातल्या मनात बेरीज केली आणि मधेच सोडून दिली.

मग गल्लीतले गॅरेजवाले भाऊ म्हणाले, "मॅडम, दिल्लीत जुन्या मिळतात. निम्म्याच्याही खाली. मागवा, मी बसवतो."

दिल्लीत नोकरी करणारा कॉलेजचा एक मित्र कामाला लागला. त्याने एअरबॅग्ज घेतल्या, बबल रॅपमध्ये गुंडाळल्या आणि कुरिअरच्या काउंटरवर गेला. अर्ध्या तासात फोन. "अगं, हे घेत नाहीयेत. म्हणतात, यात स्फोटक असतं. दुसरीकडे नुसतं 'ऑटो पार्ट्स' लिहून देऊ का?"

खरं सांगते, 'दे ना यार' अगदी ओठांवर आलं होतं. पण 'स्फोटक' शब्द डोक्यात अडकला. "थांब जरा," म्हटलं आणि वाचायला बसले.

एअरबॅगमध्ये हवा भरून ठेवलेली असते, असं मला वाटायचं. साफ चूक. आत घडी केलेलं कापड असतं आणि त्यामागे एक धातूचं डबडं. टक्कर झाली की छोटासा करंट जातो, डबड्यातलं रसायन पेटतं आणि त्यातून सुटलेल्या गॅसने पिशवी फुगते. म्हणजे स्टिअरिंगमध्ये चक्क एक फटाका! म्हणूनच मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिला धोकादायक माल म्हणून यूएन ३२६८ असा नंबर आहे. विमानाने पाठवायची तर ठरलेलं पॅकिंग, लेबल आणि लेखी डिक्लरेशन हवं. 'ऑटो पार्ट्स' लिहिलेलं खोकं कदाचित एखाद्या पॅसेंजर विमानाच्या पोटातही गेलं असतं.

गेलं तर काय? ११ मे १९९६ ला अमेरिकेत मायामीहून निघालेल्या व्हॅल्यूजेटच्या फ्लाइट ५९२ मध्ये ऑक्सिजन जनरेटरची खोकी होती. विमानातल्या मास्कना ऑक्सिजन पुरवणारी, जीव वाचवणारीच वस्तू. कागदावर ती 'रिकामी' होती, प्रत्यक्षात भरलेली. आग लागली आणि विमानातले सगळे ११० जण गेले. कागदावरच्या एका शब्दाची ही किंमत.

मित्राला सांगितलं, परत कर. दुकानदाराने थोडे पैसे कापून घेतल्या.

या सगळ्यात गाडी दोन महिने पार्किंगमध्ये उभी होती. भाऊंनी पहिल्याच दिवशी दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची मायनस वायर काढून ठेवली होती. का? गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडा थोडा करंट पीतच असतात. २०२० च्या लॉकडाऊननंतर सोसायटीतल्या कितीतरी गाड्या त्यामुळेच ढिम्म हलत नव्हत्या. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी, हा नियम. आणि वायर काढण्याआधी किल्ली आत राहिली नाही ना, म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का, ते बघून घ्या.

"पण एअरबॅगचं काम असलं की वायर काढूनही लगेच हात लावायचा नाही," भाऊ म्हणाले. "आत थोडा करंट साठलेला असतो." किती मिनिटं थांबायचं, ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. हे ऐकल्यावर बॅटरी स्वतः काढायची, पण एअरबॅगला हात लावायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

मग भाऊंनी आवाज खाली केला. "काही जण तर बॅग बसवतच नाहीत, मॅडम. वरचं कव्हर चिकटवतात, आत रेझिस्टन्स लावतात. डॅशबोर्डवरचा दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश."

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनो, वाचलंत? चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर गडबड. विझला तरी पूर्ण खात्री नाही, म्हणून अपघाताची हिस्ट्री विचारा आणि गाडी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. बाबांच्या शेजारच्या सीटवर आई बसते. तिच्यासमोर नुसतं कव्हर चिकटवलेलं असतं तर?

शेवटी नव्याच एअरबॅग्ज बसवल्या, हप्त्यांवर. गाडी आणायला बाबा सोबत आले. चावी फिरवली, लाल दिवा लागला, विझला. मी सुस्कारा सोडला.

बाबा समोर बघत म्हणाले, "इन्शुरन्स?"

"भरला, बाबा."