‘गॅप’ कुणी पाडली?



आपल्याकडे एमबीबीएस झालेल्या मुलीला एमडी-एमएसच्या प्रवेशासाठी स्वतःविषयी काही लिहावे लागत नाही. नीट-पीजीचे गुण आणि प्रवर्ग यांवर जागा ठरते. लग्न होऊन अमेरिकेत गेलेल्या डॉक्टर मैत्रिणीला मात्र तिथल्या रेसिडेन्सीच्या अर्जाला ‘पर्सनल स्टेटमेंट’ जोडावे लागते. साधारण एक पान: मी कोण, हीच शाखा का निवडली, आजवर काय केले. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणे बंद झाले, आता फक्त पास की नापास एवढेच कळते. त्यामुळे अर्जातल्या बाकीच्या गोष्टींचे, या पानाचेही, वजन वाढले.

असे काही मसुदे आमच्या वाचनात आले. बहुतेकींत एक परिच्छेद ठरलेला. ‘दुर्दैवाने कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे गॅप पडली,’ आणि लगेच हमी, ‘आता मुले मोठी आहेत, सासूबाई सांभाळतील.’ आपली मुले कोण सांभाळणार हे एखाद्या पुरुष डॉक्टरने अर्जात लिहिलेले आम्ही अजून पाहिलेले नाही.

ही गॅप पडते कशी? एच-१बी व्हिसावरच्या नवऱ्यासोबत जाणाऱ्या बायकोला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर शिकता येते, पण नोकरीला बंदी होती. २०१५ साली ती सैल झाली, तीही नवऱ्याचे ग्रीनकार्डचे काम ठरावीक टप्प्यावर पोचले असेल तरच. त्यात बाळंतपण, परीक्षांच्या भरमसाट फिया. शिवाय पदवीला ठरावीक वर्षे उलटली की अनेक हॉस्पिटले अर्ज बाजूलाच काढतात. म्हणजे दार लावायचे व्यवस्थेने आणि उशीर झाला म्हणून माफी मागायची बाईने!

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत स्त्री-पुरुष भेदाला बंदी आहे. १९७८ च्या दुरुस्तीने गरोदरपणाच्या कारणावरून होणारा भेदही त्यात आला. मग कुणी न विचारता आपणच मुलाबाळांची हमी का द्यावी?

वर्षे लपवू नयेत, तारखा अर्जात दिसतातच. कारण एक-दोन वाक्यांत, सरळ सांगावे. उरलेले पान कामाला द्यावे: इंटर्नशिपमध्ये ग्रामीण रुग्णालयात काढलेल्या रात्री, तिथे घेतलेले निर्णय, त्यातून आलेली समज. एखाद्या रुग्ण बाईची हकीगत लिहिली तर तिची ओळख झाकावी. तिचे दुःख ही आपल्या अर्जाची सजावट नव्हे. आणि पैसे देऊन किंवा यंत्राकडून लिहवून घेतलेल्या पानात ‘मी’ सापडत नाही.

असे पत्र एका मराठी बाईने पूर्वीच लिहिले आहे. जून १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजकडे प्रवेश मागितला. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करत नाही, हे त्यांनी मोकळेपणी सांगितले. आप्तमित्रांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निर्धार हीच आपली पात्रता म्हणून मांडली. पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठी शिकायचे आहे, असे लिहिले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

हा सुखवस्तू बायकांचा प्रश्न आहे, असे काहींना वाटेल. पण बालवाडी ताईच्या मुलाखतीतही ‘मधली वर्षे काय करत होतात?’ हे विचारले जातेच, आणि तीही मान खाली घालून ‘घरीच होते’ म्हणते. घरात राबलेली वर्षे कुठल्याच कागदावर काम म्हणून धरली जात नाहीत. मुळाशी प्रश्न एकच आहे.

तेव्हा गटाच्या बैठकीत एखादा तास अशा अर्जांसाठी ठेवू या, मग तो अमेरिकेतल्या हॉस्पिटलचा असो की गावच्या बालवाडीचा. एकमेकींचे मसुदे मोठ्याने वाचू या आणि ‘दुर्दैवाने’ हा शब्द सर्वांत आधी खोडू या.