कादंबरी वाचली नसली तरी सिनेमा बघा

‘कादंबरी वाचलीच नाही, मग सिनेमा कळंल का?’ असं शिरूर अनंतपाळच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, तर तिला मी सांगेन, खुशाल बघ. वाचलं नाही म्हणून मान खाली घालायचं काही कारण नाही. आपल्या भागात सिनेमा मोबाइलवर घरबसल्या दिसतो, हवी ती कादंबरी मात्र हवी तेव्हा सापडतेच असं नाही. 2022 साली उदगीरला साहित्य संमेलन भरलं तेव्हा पुस्तकं आपल्या दारात आली होती, पण संमेलन काही रोज भरत नाही. जे आधी हाती येईल त्यापासून सुरुवात करावी.

फक्त एक लक्षात ठेवा. सिनेमा पाहिला म्हणजे कादंबरी झाली, असं समजू नका. ‘जोगवा’चंच बघा. 2009 सालचा हा सिनेमा राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा, अशा तिन्हींवर उभा आहे. तो बघून उठलेल्या माणसानं यातलं नेमकं कोणतं पुस्तक ‘केलं’? एकही नाही. ‘सिंहासन’चंही तसंच. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी 1979 साली तिचा सिनेमा केला. दोन पुस्तकांचा एक सिनेमा करायचा म्हणजे बरंच काही गाळावं लागतं, काही नव्यानं जुळवावं लागतं. त्यात फसवणूक नाही, ते कामच तसं आहे.

म्हणून मला वाटतं, न वाचता बघणाऱ्याचा एक फायदाच होतो. वाचलेला माणूस प्रत्येक प्रसंग पुस्तकाशी ताडून बघत बसतो. ‘दुनियादारी’ सिनेमा येऊन दहा वर्षं उलटली, तरी मूळ कादंबरीकार सुहास शिरवळकरांचे वाचक त्यातल्या बदलांवर अजून तावातावानं बोलतात. त्यांचं प्रेम खरं आहे, पण पडद्यावर काय चाललंय ते सरळ बघणं त्यांना अवघड जातं. तुम्हाला ते जमेल. सिनेमा सिनेमा म्हणून आवडला की नाही, हे बिनधास्त सांगा.

मग पुस्तकाकडं या. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ कादंबरीत आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद स्वतःच गोष्ट सांगतो. वर्गात बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात जे चालतं, ते पानोपानी येतं. तिच्यावरच्या सिनेमात कॅमेऱ्याला मुकुंदचा चेहरा दिसतो, पण मनातलं ते बोलणं सगळं पडद्यावर येणं शक्य नाही. सिनेमा आवडला असेल तर ते ऐकायला तरी ‘शाळा’ वाचा. शेवट माहीत आहे म्हणून वाचण्यातली मजा जात नाही. आपण कीर्तनात ठाऊक असलेलीच गोष्ट ऐकायला बसतो की!

आणि सिनेमाची वाट न बघता एक पुस्तक जरूर वाचा, रा. रं. बोराडे यांचं ‘पाचोळा’. बोराडे सर आपल्या लातूर तालुक्यातल्या काटगावचे. एका शिंप्याच्या घराची वाताहत त्यांनी त्याच्या बायकोच्या तोंडून, आपल्या बोलीत सांगितली आहे. ज्या बोलीला शहरात गेलं की आपली पोरं लाजतात, तीच बोली तिथं अख्खी कादंबरी पेलते.

शिक्षकांना विनंती आहे, सिनेमा पाहून आलेल्या पोराला ‘आधी पुस्तक वाच’ म्हणून गप्प करू नका. काय बघितलं ते विचारा, आणि पुस्तक त्याच्या हातात द्या. त्यावर लगेच परीक्षा नको.

पुस्तक आणि सिनेमा गावातही एकत्र आणता येतील. आपल्या शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या उजेडला प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास गांधीबाबांची यात्रा भरते. गांधींच्या विचारानं जगलेल्या साने गुरुजींची ‘श्यामची आई’ तिथं पडद्यावर दाखवता येईल. एका रात्री आचार्य अत्र्यांचा 1953 सालचा सिनेमा, दुसऱ्या रात्री सुजय डहाके यांचा 2023 सालचा. एकाच पुस्तकाचे दोन सिनेमे किती वेगळे होतात ते लोकांना आपल्या डोळ्यांनी दिसेल. शेजारी एका टेबलावर त्याच पुस्तकाच्या प्रती ठेवायच्या. गावातल्या तरुण मंडळांनी आणि ग्रंथालय चालवणाऱ्यांनी एवढं मनावर घ्यावं. परवानगी, पडदा आणि प्रती यांची तयारी दिवाळीपासूनच सुरू करावी लागेल.