पान उलटून पाहा

चित्रकार मार्क शागालचा बायबलमधला लिथोग्राफ (शिळाछाप चित्र) कुणी दाखवला, की मी आधी त्याची पाठ बघतो. १९६० साली पॅरिसमध्ये तेरियाद या प्रकाशकाच्या ‘व्हर्व्ह’ या कलाविषयक नियतकालिकाचा शेवटचा जोडअंक निघाला, तो शागालच्या बायबल-चित्रांचा. त्यात २४ रंगीत लिथोग्राफ आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर काळ्या शाईतला आणखी एक. आज बाजारात हे अंक सुटे करून पानापानाने विकले जातात. पान चौकटीत जातं, मागे पुठ्ठा बसतो आणि काळं चित्र कायमचं झाकलं जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या चित्रांमागे तीस वर्षांची मेहनत आहे. आंब्रोआज व्होलार या चित्रविक्रेत्याने शागालला बायबलवर कोरीव चित्रं करायला सांगितलं आणि १९३१ मध्ये शागाल बायबलची भूमी डोळ्यांनी पाहायला पॅलेस्टाईनला गेला. व्हितेब्स्कच्या धर्मनिष्ठ ज्यू घरात वाढलेल्या या माणसाला त्या कथा लहानपणापासून पाठ होत्या. १९३९ मध्ये व्होलार वारला, युद्ध पेटलं, शागालला अमेरिकेत आसरा घ्यावा लागला. अखेर १०५ कोरीव चित्रांचा तो संच तेरियादने १९५६ मध्ये पुरा केला. मोजक्या प्रतींचा तो संच सामान्य वाचकाच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून त्याच वर्षीच्या ‘व्हर्व्ह’मध्ये ती चित्रं छापली गेली आणि सोबत शागालने १६ रंगीत लिथोग्राफ नव्याने केले.

घेणाऱ्याने इथे सावध राहावं. १९५६ च्या अंकातली कोरीव चित्रं ही छायाचित्रावरून केलेली छपाई आहे, ते लिथोग्राफ नव्हेत. विकणारे सरसकट सगळ्याच पानांना लिथोग्राफ म्हणतात. भिंग लावलं की फरक कळतो. मुर्लो यांच्या पॅरिसमधल्या छापखान्यात शागाल तेलकट खडूने स्वतः रेखाटायचा; प्रत्येक रंगाचा साचा वेगळा. त्यामुळे खऱ्या लिथोग्राफमध्ये खडूचा रवाळपणा दिसतो, एका रंगावर दुसरा चढलेला दिसतो. ऑफसेटच्या नकलेत मात्र ओळीने मांडलेले बारीक ठिपके दिसतात.

सहीचंही तसंच. अंकातल्या पानांवर शागालने सह्या केलेल्या नाहीत. सही केलेल्या थोड्या प्रती वेगळ्या काढल्या होत्या. त्यांचा समास रुंद आणि पाठ कोरी. पाठीवर चित्र असलेल्या पानावर पेन्सिलीची सही दिसली, तर त्या सहीपायी एक रुपयाही जास्त मोजू नये. बिनसहीचं पान म्हणून ते दुय्यम ठरत नाही. ते वाचकाच्या हाती पडावं म्हणूनच छापलं होतं. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापखान्याने, आधी गिरगावात आणि पुढे मळवलीला, याच तंत्राने देवादिकांची चित्रं घराघरांत पोचवली. त्या चित्रांपुढे हात जोडताना कुणी सही शोधली नाही.

माझा जीव सगळ्यात जास्त जडला आहे तो रूथच्या पाच चित्रांवर. नामी आणि तिच्या सुना, शेतात सरवा वेचणारी रूथ, बवाजची भेट, त्याच्या पायाशी निजलेली रूथ आणि जागा होऊन तिला पाहणारा बवाज. परक्या मुलखात सासूची साथ न सोडणाऱ्या विधवेची ही गोष्ट शागालने घाईने उरकलेली नाही. हागार, राहाब, तामार, एस्तेर याही इथे आहेत. सलग पानं उलटताना जाणवतं, की १९६० चा हा अंक मुख्यतः बायकांचा आहे. सुटं एक पान भिंतीवर टांगून हे कधीच कळणार नाही.

म्हणून जमवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: पैसे साठवा, थांबा, पण अंक अखंड घ्या. सुटं पान आधीच हाती आलं असेल, तर ते पुठ्ठ्याला चिकटवू नका; दोन्ही बाजूंनी काच लावून घ्या. आणि तुमच्याकडे अखंड अंक असेल, तर कितीही भाव आला तरी त्याची शिवण उसवू देऊ नका.