मेल पाठवला म्हणजे मेल पोहोचला नव्हे

शाळा, महाविद्यालये, बँका, शिष्यवृत्तीची कार्यालये, भरतीच्या संस्था अशा सगळ्यांनी अलीकडे एक वाक्य तोंडपाठ केले आहे: ‘आम्ही तुम्हाला मेल पाठवला होता.’ हे वाक्य उच्चारले की कार्यालय मोकळे होते आणि समोरचा अर्जदार गुन्हेगार ठरतो. ‘तू मेल बघितला नाहीस, आम्ही काय करणार?’ मुदत गेली, जागा गेली, वर्ष गेले. खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या मुलाकडे यावर उत्तर नसते, कारण पाठवणे आणि पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

मी भाषेची शिक्षिका आहे, संगणकाची नाही. पण ‘पाठवला’ आणि ‘पोहोचला’ या दोन क्रियापदांतला फरक दाखवणे हे भाषेच्या शिक्षकाचेच काम आहे. उर्दूच्या तासाला शिकवा किंवा मराठीच्या, ‘भेजा’ म्हणजे ‘पहुँचा’ होत नाही.

आधी मेल जातो कसा ते पाहू. आपण ‘सेंड’चे बटण दाबतो तेव्हा मेल थेट समोरच्याच्या फोनवर जात नाही. तो आधी आपल्या बाजूच्या मेल सर्व्हरकडे जातो. पत्त्यात ‘अ‍ॅट’च्या पुढे जे नाव असते, त्या नावाची डाक कुठे टाकायची हे तो सर्व्हर डीएनएसला विचारतो. डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्ता-वही. तिथे ‘एमएक्स’ नावाची नोंद असते. एकाहून जास्त सर्व्हर असतील तर प्रत्येकापुढे एक आकडा असतो, आणि ज्याचा आकडा लहान त्याचे दार आधी ठोठवायचे असते. ही नोंद चुकली किंवा जुनीच राहिली, तर डाकिया बरोबर गावात येऊनही पाडलेल्या घरासमोर उभा राहतो.

दार उघडले की दोन सर्व्हरांमध्ये संवाद होतो. पाठवणारा आपली ओळख सांगतो, मेल कोणाकडून ते सांगतो, कोणासाठी ते सांगतो आणि मग मजकूर देतो. प्रत्येक टप्प्यावर घेणारा सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. उत्तर २ ने सुरू झाले तर मान्य, ४ ने सुरू झाले तर ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने ये’, आणि ५ ने सुरू झाले तर ‘नाही म्हणजे नाही’. मजकूर दिल्यावर २५० आले तर मेल स्वीकारला गेला. ५५० आले तर बहुधा असा पत्ताच नाही, किंवा समोरच्याने धोरण म्हणून नकार दिला. ४५१ आले तर पुन्हा प्रयत्न करायचा आहे.

हे नियम काल-परवाचे नाहीत. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या ‘आरएफसी ८२१’मध्ये ते आले. २००८ साली त्यांची सुधारित आवृत्ती ‘आरएफसी ५३२१’ आली. त्यात एक गोष्ट आहे जी आपल्या कार्यालयांनी भिंतीवर लावायला हवी. मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरने होकार दिला की तो मेल ही त्याची जबाबदारी होते. त्याने तो पोहोचवायचा, नाहीतर पोहोचला नाही असे पाठवणाऱ्याला कळवायचे. ४ ने सुरू होणारे उत्तर आले तर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा आणि मगच हार मानायची. आपल्या भाषेत सांगायचे तर ती अमानत आहे. घेतली तर पोहोचवा, पोहोचवता आली नाही तर परत करा.

म्हणजे यंत्राला यंत्राकडून जी जबाबदारी अपेक्षित आहे, ती माणसाला माणसाकडून नको आहे, अशी आपली अवस्था झाली आहे.

परत आलेल्या मेलचे काय होते ते बघा. मेल पोहोचला नाही की तसा निरोप पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर जातो. पण कार्यालयाचा पत्ता बहुतेक वेळा ‘नो-रिप्लाय’ असतो, ‘उत्तर देऊ नका’. त्या पेटीत येणारे निरोप कोणी उघडत नाही. सर्व्हर बिचारा सांगतो की हा पत्ता अस्तित्वात नाही, त्या मुलाची पेटी भरली आहे, समोरच्याने तुमचा मेल नाकारला आहे. ऐकणारा कोणी नाही. आणि हेच कार्यालय खिडकीवर सांगते, ‘आम्ही पाठवला होता.’ ज्याने आपल्या पत्रपेटीला स्वतःच कुलूप लावले, त्याने ‘उत्तर आले नाही’ म्हणू नये.

मेल का पोहोचत नाही, याची कारणे आपल्या मोहल्ल्यात रोज दिसतात. मोहम्मद हे नाव इंग्रजीत किती प्रकारे लिहिले जाते ते आपल्याला ठाऊक आहे. कोणी ‘ओ’ घालतो, कोणी ‘यू’, कोणी एक ‘एम’, कोणी दोन, कोणी चारच अक्षरांत उरकतो. शेख आणि सय्यदचेही तेच. अर्जाचा फॉर्म भरणाऱ्याने एक अक्षर बदलले की पत्ता बदलला. जीमेलच्या पत्त्यात टिंब जास्त-कमी झाले तर चालते, अक्षर चुकले तर चालत नाही. तसा पत्ता नसेल तर ५५० येईल. पण तो पत्ता दुसऱ्या कुणाचा असेल तर २५० येईल! सर्व्हर समाधानी, कार्यालय समाधानी, आणि मुलीचे प्रवेशपत्र भलत्याच माणसाच्या पेटीत.

दुसरे कारण सायबर कॅफे. घरात मेल कोणाचाच नाही म्हणून कॅफेवाला स्वतःचा पत्ता टाकतो. एकाच पेटीत पन्नास जणांची डाक. तिसरे कारण भरलेली पेटी. जीमेलची फुकटची जागा १५ जीबी, आणि त्यात फोटो, ड्राइव्हवरच्या फाइली, आता व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही मोजला जातो. घरातल्या लग्नाचे व्हिडिओ साठले की जागा संपते, आणि जागा संपली की नवे मेल परत जाऊ लागतात.

चौथे कारण कार्यालयाच्या स्वतःच्या घरातले आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या एका माजी विद्यार्थिनीला मुलाखतीचे बोलावणे मेलने आले होते. ते स्पॅममध्ये पडले. तिला दिसले तेव्हा तारीख उलटून गेली होती. कार्यालयाचे उत्तर ठरलेलेच: स्पॅम बघायला नको का? आम्ही तो मेल उघडला आणि जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’मध्ये त्याचा सगळा प्रवास पाहिला. तिथे ‘रिसीव्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी असतात. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चिकटवतो, म्हणून त्या खालून वर वाचायच्या. त्यांवरच्या वेळा जुळवल्या की मेल कुठे रखडला ते कळते. खालच्या ओळी खोट्याही घालता येतात, पण आपल्या सर्व्हरने स्वतः घातलेली ओळ भरवशाची. त्या मेलला वाटेत उशीर झालेला नव्हता. पण तपासणीच्या निकालात लिहिले होते: एसपीएफ सॉफ्टफेल, आणि डीकेआयएमची सही नाही.

याचा अर्थ साधा आहे. एसपीएफ म्हणजे संस्थेने डीएनएसमध्ये जाहीर केलेली यादी: आमच्या नावाने अमुक सर्व्हरच मेल पाठवतील. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. डीमार्क म्हणजे या दोन्ही कसोट्यांवर नापास झालेल्या मेलचे काय करायचे याची सूचना: सोडा, बाजूला ठेवा की नाकारा. या नोंदी उघड्या असतात, कोणालाही पाहता येतात. आम्ही पाहिल्या. मेल एका सर्व्हरवरून निघाला होता आणि यादीत नाव दुसऱ्याच सर्व्हरचे होते. म्हणजे संस्थेचे पत्र अनोळखी माणसाच्या हातून, सही-शिक्क्याशिवाय निघाले होते. जीमेलने त्यावर संशय घेतला यात मुलीचा काय दोष?

आणि हे आता ऐच्छिकही राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. गूगलच्या हिशेबात मोठा म्हणजे जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास मेल पाठवणारा. तरी कित्येक संस्था नोंदी दुरुस्त करायच्या सोडून कारकुनाच्या खासगी जीमेलवरून शेकडो जणांना एकदम मेल टाकतात. फुकटच्या खात्याला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे. ती ओलांडली की पुढचे मेल निघतच नाहीत.

‘स्पॅम बघायला नको का?’ याला माझे उत्तर: बघायलाच हवे. पेटी रिकामी ठेवायला हवी, फॉर्ममधला पत्ता दोनदा वाचायला हवा, आणि स्पॅममधला मेल जीमेल ३० दिवसांनी आपोआप पुसते हेही ठाऊक असायला हवे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगतेच. पण जबाबदारी ताकदीच्या प्रमाणात असते. एका बाजूला संस्था आहे, तिच्याकडे संगणक विभाग आहे, सर्व्हरचा लॉग आहे. दुसऱ्या बाजूला बापाच्या फोनवर मेल उघडणारी सतरा वर्षांची मुलगी आहे. चूक दोघांच्या बाजूने शक्य असताना शिक्षा मात्र दरवेळी एकीलाच का?

‘हजारो अर्ज येतात, प्रत्येकाच्या मागे कसे लागणार?’ असेही विचारतात. मागे लागायची गरजच नाही. कोणत्या पत्त्याला २५० मिळाले आणि कोणत्याला ५५०, हे सर्व्हर स्वतः लिहून ठेवतो. परत आलेल्या पत्त्यांची यादी काढायची आणि तेवढ्यांना फोन किंवा एसएमएस करायचा. हजारोंच्या मागे लागायला नको म्हणूनच तर ही व्यवस्था आहे.

कायदाही या दोन क्रियापदांत गल्लत करत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ मध्ये ‘पाठवणे’ आणि ‘मिळणे’ हे दोन वेगळे क्षण मानले आहेत. स्पॅममध्ये पडलेला मेलही पेटीत ‘शिरला’ असा युक्तिवाद कोणी करील. म्हणून कलम १२ वाचा. पोच मिळाली तरच हा मेल बंधनकारक, अशी अट पाठवणाऱ्याने घातली असेल आणि पोच आली नाही, तर तो मेल पाठवलाच नाही असे धरले जाते. ही अट घालणे कार्यालयाच्या हातात आहे. टपालाने रजिस्टर पत्रे जायची तेव्हा त्यांना पोचपावतीचे कार्ड जोडणारी हीच कार्यालये मेलच्या बाबतीत पोच मागायला का कचरतात? कारण पोच मागितली तर ती आली नाही हे कबूल करावे लागेल.

मागण्या मोठ्या नाहीत. फॉर्म भरतानाच पत्त्यावर कोड पाठवून तो खरा आहे का हे तपासा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क नीट लावा. परत येणारे मेल वाचणारा एक माणूस नेमा. ज्या पत्रावर कोणाचे वर्ष अवलंबून आहे ते केवळ मेलवर सोडू नका, एसएमएसही करा. आणि मुदत मोजायची तर पोहोचल्यापासून मोजा.

हे होईपर्यंत पालकांना आणि मुलांना माझे सांगणे एवढेच. खिडकीवर कोणी ‘मेल पाठवला होता’ म्हणाले तर मान खाली घालून परत फिरू नका. अदबीने विचारा, ‘साहेब, कोणत्या पत्त्यावर पाठवला, कोणत्या वेळी, आणि समोरच्या सर्व्हरने काय उत्तर दिले? लॉगमधली ती एक ओळ दाखवा.’ अर्जातही हेच लिहून द्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. ओळ दाखवली तर आपली चूक कुठे झाली ते कळेल. दाखवता आली नाही, तर ‘पाठवला होता’ हा पुरावा नसून नुसता दावा आहे, हे खिडकीच्या पलीकडल्यालाही कळेल.