हातात चार, उपयोगाची दोनच

दिवाळीतली तीन पत्ती आणि जागरणाची रमी, इतपत पत्त्यांची ओळख बहुतेक मराठी घरांत असते. मोबाइल आल्यापासून त्यात पोकरची भर पडली. त्यातला ‘टेक्सास होल्डेम’ जमू लागला की पुढची पायरी म्हणून अनेक जण ‘ओमाहा’ शिकतात. असा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाले. वैद्यकशास्त्राचा प्रश्न वेगळा आहे: हा खेळ मेंदूत काय घडवतो?

नियम थोडेच आहेत. प्रत्येकाला चार पाने मिळतात, ती इतरांना दिसत नाहीत. टेबलावर सर्वांसाठी पाच पाने उघडतात. आधी तीन, मग एक, शेवटी आणखी एक. दरम्यान पैसे लावले जातात. शेवटी ज्याची पाच पानांची मांडणी सर्वांत वरची, तो डाव जिंकतो. मात्र त्या पाचांत हातातली नेमकी दोन आणि टेबलावरची नेमकी तीन पाने असावी लागतात. नवखे चुकतात ते इथेच. टेबलावर बदामाची चार पाने आहेत आणि हातात बदामाचा एकटा एक्का आहे, तर ‘फ्लश’ होत नाही. हातात चारही एक्के आले तर आनंद होतो, पण उपयोग दोनांचाच. तिसरा एक्का टेबलावर येण्याची आशाही संपलेली असते.

डावपेचांचे सार असे: चारही पाने एकमेकांना पूरक असतील तरच खेळावे, लहान फ्लशवर भिस्त ठेवू नये आणि बहुतेक डाव सोडून द्यावेत. हा शेवटचा नियम पाळणेच सर्वांत कठीण, आणि त्याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे.

चार पानांतून दोनदोनच्या सहा जोड्या होतात. त्यामुळे प्रत्येकाच्या हातात कायम ‘काहीतरी’ असते. समजा, हातात बदामाची दोन पाने आहेत आणि टेबलावरच्या पहिल्या तीनांत आणखी दोन आली. न दिसलेल्या ४५ पानांत बदामाची नऊ उरतात. पुढच्या दोन पानांत त्यांपैकी एक तरी येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के. म्हणजे तीनपैकी जवळपास दोन वेळा ‘थोडक्यात हुकले’ एवढेच हाती लागते.

हे ‘थोडक्यात हुकले’ मेंदूला साधी हार वाटत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये स्लॉट यंत्रासारख्या खेळावर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की जिंकल्यावर मेंदूचा जो भाग उद्दीपित होतो, तो थोडक्यात हुकल्यावरही होतो आणि पुन्हा खेळण्याची इच्छा वाढते. त्यात नियम आणि टक्केवारी पाठ असली, की नशीब आपल्या मुठीत आल्याचा भास होतो. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ मध्येच या भ्रमाचे वर्णन केले होते. कौशल्याचा फायदा हजारो डावांच्या सरासरीत दिसतो. आजच्या रात्रीची हमी तो देत नाही.

जुगाराचा विकार हा स्वभावदोष नव्हे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ पासून तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत आहे. कंपवातावरील डोपामिनसारखे काम करणाऱ्या काही औषधांनी एखाद्या रुग्णाला अचानक जुगाराची ओढ लागते आणि औषध बदलल्यावर ती ओसरते; हा आजार मेंदूचा असल्याचा याहून बोलका पुरावा कोणता?

संसदेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. हे योग्यच झाले. पण कायद्याने ॲप बंद होते, ओढ बंद होत नाही. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, खोटे बोलणे, गुपचूप कर्ज काढणे ही तिची लक्षणे. ती दिसली की घरच्यांनी कर्ज फेडून विषयावर पडदा टाकू नये आणि माणसाला धारेवरही धरू नये. आधी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. समुपदेशनाने हा विकार आटोक्यात येतो. सरकारी ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले जात असतील, तर एक दिवसही थांबू नये.

ओमाहाचे गणित सुंदर आहे. ते शिकायचेच असेल तर चिंचोके लावून शिकावे. चिंचोक्यांवर मन रमत नसेल, तर ओढ खेळाची नाही, पैशांची आहे, हे वेळीच ओळखावे.