फलकावर एक ओळ वाढवा

परवा बसस्टँडसमोर फलक बघितला. 'मधुमेहमुक्ती शिबिर! गोळ्या बंद, इन्सुलिन बंद!' खाली आपल्याच पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. माझी नऊ वर्षांची लेक सोबत होती. तिने वाचलं आणि विचारलं, "पप्पा, म्हणजे माझी सुई पण बंद होणार?"

आयोजकांनो, याचं उत्तर तुम्ही द्या.

डायबेटिस एकच नसतो. आपल्या काकांना, साहेबांना होतो तो बहुतेक टाइप २. त्यात शरीर इन्सुलिन बनवतं, पण त्याचा नीट उपयोग होत नाही. वजन उतरवलं, चालणं वाढवलं, तर काहींच्या गोळ्या कमी होतात, कधी बंदही होतात. हे खरंय, त्यावर माझं भांडण नाही.

टाइप १ वेगळा. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाल्ल्याने नाही, आईच्या लाडाने तर नाहीच. कितीही चाला, कारल्याचा रस प्या, त्या पेशी परत येत नाहीत. बाहेरून इन्सुलिन द्यावंच लागतं. बंद केलं तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल वाढू शकतं, मूल बेशुद्ध पडतं, जीवही जातो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे. तुमच्या फलकाला परत तिथेच जायचंय का?

आमचंच सांगतो. लेकीला सारखी तहान, रात्री अंथरूण ओलं, कपडे सैल व्हायला लागले. मग उलट्या. दोन ठिकाणी 'जंत असतील' म्हणून औषध देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी एका नर्सताईंनी बोटातून थेंब घेतला. मशीनवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं. म्हणजे साखर मशीनच्या मोजण्याच्या पलीकडे! एका पट्टीचं काम होतं हो. पण सरकारी तपासणी मोहीम तिशीच्या पुढच्यांसाठी. लहान पोराला डायबेटिस असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शिबिर घ्या, पण फलकावर मोठ्या अक्षरात लिहा: 'टाइप १ च्या रुग्णांनी इन्सुलिन बंद करू नये. इतरांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नये.' आरोग्य केंद्रात तहान, लघवी, वजन घटणं, उलट्या अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाची साखर तिथल्या तिथे बघा. आणि शाळांनो, डब्याआधी पोरीला सुई घ्यायला कोपरा नको, बाक द्या. ती काही चोरी करत नाही.

फोटोतल्या साहेबांना टॅग केलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो. तोवर तुमच्या गल्लीतल्या एका तरी आईपर्यंत हे पोचवा.